पाटण्याच्या कॉलेजात लिहिलेलं पुस्तक आणि आपल्याकडच्या रिकाम्या खुर्च्या

निकालाचा आठवडा आला की आमच्या पेपराचं पहिलं पान आमचं राहत नाही. ते क्लासवाल्यांचं होतं. पानभर फोटो, गळ्यात हार, खाली पर्सेंटाईल. बातमी आत कुठंतरी तिसऱ्या पानावर. धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जाहिरातीवर आमचेही पगार निघतात.

पण एक गोष्ट मला वीसेक वर्षांच्या पत्रकारितेत खटकत आली आहे. या टॉपर पोरांच्या मुलाखती घेताना "कोणती पुस्तकं वापरलीस?" असं विचारलं की फिजिक्ससाठी दहातली आठ-नऊ पोरं एकच नाव घेतात. एच. सी. वर्मा. आमच्याकडं तर पुस्तकाचं नावही कुणी घेत नाही, "एचसीव्ही केलं" एवढंच म्हणतात. लातूर असो, नांदेड असो की कोटा, पोरगं कोणत्याही क्लासचं असो, टेबलावर ते दोन खंड असतातच.

आणि पुढं विचारलं की, "हे वर्मा कोण, माहितीये का?" तर उत्तर येतं, "आयआयटीचे प्रोफेसर." काहीजण म्हणतात, "कुठल्यातरी मोठ्या क्लासचे असतील."

मित्रांनो, आजची पोस्ट याच उत्तरावर आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा. त्या माणसाची कारकीर्द नीट बघितली, तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजात आज जे चाललंय त्याचा सगळा हिशेब त्यात सापडतो.

आधी माणूस

हरिशचंद्र वर्मा. जन्म १९५२, बिहारमधलं दरभंगा. वडील शिक्षक. पोरगा लहानपणी हुशार वगैरे अजिबात नव्हता. हे मी नाही म्हणत, सर स्वतःच भाषणांत सांगतात. परीक्षेत पास होण्याची मारामार. मग आईनं एक युक्ती केली. छठपूजेचे दिवस होते, घरात ठेकुआ केलेला. आईनं अट घातली की पुस्तकं घेऊन खोलीत बसायचं, अभ्यास कर नाहीतर करू नको, पण बाहेर यायचं नाही. बसलास तर खाऊ मिळेल. नुसतं बसून कंटाळा आला म्हणून पोरानं पुस्तक उघडलं आणि तिथून गाडी रुळावर आली.

पुढं पाटण्याच्या सायन्स कॉलेजातून बी.एस्सी. मग आयआयटी कानपूरमधून एम.एस्सी. आणि तिथंच न्यूक्लिअर फिजिक्समध्ये पीएच.डी. मार्क म्हणाल तर दहापैकी दहाच्या जवळ.

आता इथं थांबा. साल १९८०च्या आसपासचं. आयआयटीची पीएच.डी. हातात, वय अठ्ठावीसच्या आसपास. त्या काळात अशा पोरांसाठी अमेरिकेची वाट मळलेली होती. नाहीतर देशातल्या एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेत जागा. हा माणूस काय करतो? परत पाटण्याला येतो आणि आपल्याच जुन्या सायन्स कॉलेजात लेक्चरर म्हणून रुजू होतो.

गंगेच्या काठावरचं, अशोक राजपथावरचं हे कॉलेज. नाव मोठं, पण शेवटी राज्य विद्यापीठाचंच. बिहारमधल्या विद्यापीठांची सत्रं रेंगाळायची ख्याती तेव्हाही होती. समोर बसलेली पोरं बहुतेक गावाकडून आलेली, इंग्रजी कच्चं, गणित अर्धवट. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कोणत्याही कॉलेजातला एफ.वाय.चा वर्ग डोळ्यासमोर आणा. तोच.

तिथं ते चौदा-पंधरा वर्षं शिकवत राहिले.

मग पुस्तक

त्या काळी फिजिक्स मनापासून शिकायचं असेल तर पुस्तकं कोणती होती? एक अमेरिकन, हॅलिडे आणि रेस्निक यांचं. १९६० साली पहिल्यांदा आलेलं. उदाहरणं सोडवायला रशियन, इरोडोव यांचं, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं. फार हौशी असेल तर फाईनमन यांची लेक्चर्स. पुस्तकं अस्सलच होती, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्या पोरानं दहावीपर्यंत प्रयोगशाळेचं दार उघडं पाहिलेलं नाही, त्याला ती पेलायची नाहीत. इंग्रजीचं वळण वेगळं, उदाहरणांतलं जग वेगळं. आणि दुसऱ्या टोकाला आपली देशी गाईडं. सूत्र पाठ कर, किंमती घाल, उत्तर काढ.

मधला पूल नव्हता. वर्मा सरांनी तो बांधायला घेतला. सुमारे आठ वर्षं लागली. १९९२ साली 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' आलं. प्रकाशक कोण? दिल्ली-मुंबईचं बडं नाव नव्हे. पाटण्याचंच भारती भवन.

तारखा नीट बघा. पुस्तक १९९२. सर आयआयटी कानपूरमध्ये शिकवायला रुजू झाले १९९४ साली. म्हणजे देशभरातली पोरं ज्या पुस्तकाच्या जोरावर आयआयटीत जातात, ते पुस्तक आयआयटीत लिहिलेलंच नाही. ते एका राज्य विद्यापीठाच्या कॉलेजात, बी.एस्सी.ची पोरं शिकवणाऱ्या एका साध्या लेक्चररनं लिहिलं.

माझ्या मते या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. आणि हीच आपण विसरलोय.

पुस्तकात असं आहे तरी काय?

मी फिजिक्सवाला नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, फिजिक्स बारावीपुरतं. पण पुतणीच्या अभ्यासासाठी घरात आलेले ते दोन खंड मी चाळले, काही प्रकरणं बसून वाचली. एकूण ४७ प्रकरणं. भौतिकशास्त्र म्हणजे काय इथपासून सुरुवात आणि शेवट आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेवर.

दुसरंच प्रकरण गणिताचं आहे. का? कारण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की समोरच्या पोराला कॅल्क्युलस अजून कुणी शिकवलेलं नाही आणि न्यूटन मात्र उद्यापासून सुरू होणार. चौथं प्रकरण नुसतं 'बलं' यावर, न्यूटनचे नियम त्याच्या नंतर पाचव्यात. आधी जगात बलं कोणती आहेत ते बघून घे, मग नियम लाव. वर्गात उभं राहून पोरांच्या चुका वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय असा क्रम सुचत नाही.

एक उदाहरण आपल्या भाषेत सांगतो. बैल गाडी ओढतो. न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो, बैल जेवढ्या जोरानं गाडीला पुढं ओढतो, तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. मग दोन्ही सारखंच झालं की! गाडी हलते कशी?

गाईड वाचलेलं पोरगं इथं गप्प बसतं. किंवा "बैलाचं बल जास्त असतं" म्हणून मोकळं होतं, जे साफ चूक आहे.

वर्मा सरांची पद्धत चार पायऱ्यांची आहे. पहिली, आपण कुणाबद्दल बोलतोय ते ठरव. बैल की गाडी की दोन्ही मिळून? दुसरी, त्या एकट्यावर कोणकोणती बलं लागतात त्याची यादी कर. तिसरी, त्याचं एकट्याचं चित्र काढून त्यावर बाण काढ. चौथी, दिशा ठरवून समीकरण मांड. बस्स.

आता गाडी एकटी घ्या. तिच्यावर पुढं बैलाची ओढ, मागं चाकांचा विरोध. ओढ जास्त भरली की गाडी निघाली. बैल एकटा घ्या. गाडी त्याला मागं ओढतेय, पण तो खुरांनी जमिनीला मागं रेटतोय म्हणून जमीन त्याला पुढं ढकलतेय. सारखी असलेली ती दोन बलं वेगवेगळ्या गड्यांवर लागतायत, ती एकमेकांना खोडतच नाहीत. म्हणून तर चिखलात खुर घसरले की कितीही ताकदीचा बैल असो, गाडी जागची हलत नाही. हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ असतं, फक्त त्याला न्यूटन म्हणतात हे माहीत नसतं.

आधी ठरव, मग बघ, मग मांड. हे काही पाठ करण्याचं काम नाही. विचार करायचं वळण आहे ते. आणि गंमत बघा, बातमी लिहायला हीच पद्धत लागते. कोण कुणाबद्दल बोलतंय, त्याच्यावर दबाव कुणाकुणाचे, ते आधी वेगळं काढायचं.

आपण त्याचं काय केलं?

तर या पुस्तकाचं आपण काय केलं ते बघा.

प्रत्येक प्रकरणाला आधी विवेचन आहे, मग सोडवलेली उदाहरणं, मग विचार करायला लावणारे छोटे प्रश्न, मग पर्याय असलेले प्रश्न आणि शेवटी गणितं. क्लासमध्ये काय होतं? विवेचन सोडून द्यायचं. "थिअरी आपल्या मॉड्यूलमध्ये आहे, एचसीव्हीची फक्त शेवटची गणितं करा." आणि ती गणितंही सुटलेली मोबाईलवर तयार मिळतात. गणित वाचायचं, अडलं की लगेच उत्तर बघायचं, "समजलं" म्हणायचं, पुढं.

ज्यानं पाठांतर मोडायला आठ वर्षं घातली, त्याचंच पुस्तक आपण पाठांतराचं साधन केलं.

क्लासवाल्यांना शिव्या घालून मोकळं व्हायचं नाही मला. चांगले शिकवणारे तिथंही आहेत, मी ओळखतो. प्रश्न वेगळाच आहे. आई-बापानं लाख-दीड लाख भरून पोराला क्लासला का घातलं? कारण कॉलेजात शिकवायला कुणी नाही. आणि कॉलेजात कुणी का नाही?

खुर्च्या रिकाम्या आहेत

आता आपल्या गावाकडं या.

आमच्या भागातल्या एका कॉलेजचा फिजिक्स विभाग मला चांगला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण हे त्या एकट्याचं दुखणं नाही. मंजूर जागा आहेत. भरलेली एक. बाकी सगळं तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर शून्य, उन्हाळ्यात घरी बसा. पैसे येतात तेही चार-चार, सहा-सहा महिन्यांनी. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला पस्तिशीचा माणूस जूनमध्ये परत अर्ज करतो, परत मुलाखत देतो, त्याच खुर्चीसाठी.

तिथं एक सर आहेत. फार सुंदर शिकवतात. पोरं सांगतात, "सरांचा तास असला की दुसऱ्या वर्गातली पण येऊन बसतात." त्यांनी बी.एस्सी. पहिल्या वर्षासाठी मराठीत नोट्स काढल्या आहेत, हातानं लिहिलेल्या, चार जाड वह्या. उदाहरणं सगळी इथली. विहिरीचा रहाट, मोटेचं चाक, ऊसतोडीची ट्रॉली, पाणबुडी मोटर. मी म्हटलं, "सर, याचं पुस्तक का करत नाही?"

ते हसले. म्हणाले, "पत्रकार, पुस्तकाला गुण किती आहेत माहितीये का?"

मला माहीत नव्हतं. म्हणून शोधलं.

आठ वर्षं बरोबर दहा गुण

विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली आहे, २०१८ सालची. प्राध्यापकाची भरती आणि बढती यासाठी शैक्षणिक-संशोधन गुणांचा एक तक्ता आहे त्यात. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण. देशातल्या प्रकाशकानं काढलेल्या एका अख्ख्या पुस्तकाला १० गुण. परदेशी प्रकाशक असेल तर १२.

आधीच्या २०१० सालच्या नियमावलीत शोधनिबंधाला १५, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाच्या पुस्तकाला २५ आणि स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला १५ गुण होते.

आता वर्मा सरांचं पुस्तक आलं तेव्हा हे तक्ते नव्हते. पण आजच्या मोजपट्टीनं मोजून बघू. पाटण्याचा प्रकाशक. आठ वर्षांचं काम. दोन खंड आहेत म्हणून दोनदा मोजलं तरी २० गुण. म्हणजे अडीच शोधनिबंध. आणि निबंध ज्या नियतकालिकात छापला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर निबंधाचे गुण आणखी वाढतात. पुस्तकाचे वाढत नाहीत. ते पाचशे पोरांनी वाचलं की लाखो पोरांनी, तक्त्याला फरक पडत नाही.

तुम्हीच सांगा, शहाणा माणूस काय करील? आठ वर्षं पुस्तक लिहील की वर्षाला दोन-तीन निबंध पाडील?

आणि निबंध कसे पाडले गेले तेही आपण पाहिलं. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत इतकी बोगस नियतकालिकं घुसली की २०१८च्या मे महिन्यात एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. आपल्या पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याच वर्षी विद्यापीठांनी सुचवलेली सुमारे हजार नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्के साध्या कसोट्यांनाही उतरली नाहीत. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. ते निबंध कुणी वाचले? कुणीच नाही. पण गुण मिळाले, बढत्या झाल्या.

आणि हातानं लिहिलेल्या चार वह्या तशाच कपाटात.

"मग संशोधन करायचंच नाही का?"

हा प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. करायचं. जरूर करायचं. वर्मा सरांनीही केलं. मॉसबावर स्पेक्ट्रोस्कोपी हे त्यांचं क्षेत्र. गॅमा किरणांचा वापर करून पदार्थातल्या लोखंडाची अवस्था ओळखायची पद्धत आहे ती. त्यांच्या नावावर शंभरावर शोधनिबंध आहेत. म्हणजे पुस्तक लिहिणारा संशोधनात कच्चा असतो, हा समज खोटा.

मुद्दा एवढाच की चांगलं पाठ्यपुस्तक लिहिणं हेही विद्वत्तेचंच काम आहे. नवीन शोध लावणारा ज्ञानात भर घालतो, आणि चांगलं पुस्तक लिहिणारा ते ज्ञान पुढच्या पिढीच्या डोक्यात नीट बसवतो. दुसऱ्या कामाला आपण कारकुनी समजायला लागलोय.

आम्ही पत्रकार दरवर्षी ६ जानेवारीला ज्यांच्या फोटोला हार घालतो, ते बाळशास्त्री जांभेकर कोण होते? 'दर्पण' काढणारे, हे सगळ्यांना माहीत. पण ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते आणि व्याकरण, भूगोल, गणित अशा विषयांची पाठ्यपुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली, हे किती जणांना ठाऊक आहे? अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचे आणि ते मराठीत लिहायचे. आजचा गुणांचा तक्ता लावला तर ही मंडळी बढतीच्या मुलाखतीलाही पोचली नसती.

निवृत्त होऊनही थांबले नाहीत

वर्मा सर २०१७ साली जूनअखेर आयआयटीतून निवृत्त झाले. नंतर पद्मश्री मिळाली. पण त्यांचं एक काम आपल्याकडच्या बातम्यांत फारसं येत नाही. कानपूरला असताना त्यांनी इतरांच्या साथीनं 'शिक्षा सोपान' उभं केलं, आयआयटीच्या आजूबाजूच्या गरीब वस्तीतल्या पोरांना शिकवण्यासाठी. ज्या आवाराच्या आत देशातली निवडक पोरं, त्याच भिंतीच्या बाहेर शाळा सुटलेली पोरं. ते अंतर त्यांना सहन झालं नसावं.

दुसरं काम 'अन्वेषिका'. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेच्या आधारानं देशभर विणलेलं प्रयोगशाळांचं जाळं. तिथं फिजिक्सचे प्रयोग साध्यासुध्या वस्तूंतून दाखवतात. फुगा, स्ट्रॉ, चुंबक, आरसा, तांब्याची तार. शेकडो प्रयोग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तयार केले आणि देशभर फिरून शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या.

आणि आपल्याकडं प्रयोगाचं काय चाललंय? बारावीला फिजिक्सचं प्रात्यक्षिक तीस मार्कांचं. निकालात बघा, किती जणांना अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आणि त्यातल्या किती पोरांनी व्हर्नियर कॅलिपर हातात धरलाय ते विचारा. जर्नल आयतं मिळतं, रीडिंग्ज सीनियरकडून मिळतात, मार्क कॉलेजकडून. ज्या विषयात मोजणं हाच श्वास आहे, त्याची मापंच आपण खोटी लिहायला शिकवतोय. खोटं रीडिंग लिहून तीसपैकी तीस मिळतात हे सोळाव्या वर्षी शिकलेलं पोरगं उद्या इंजिनिअर होऊन पुलाचं माप कसं लिहील, हा विचार करा.

"आता यूट्यूब आहे की"

हेही ऐकतो. "आता कोण पुस्तक वाचतंय? फोनवर सगळं मिळतं."

खरंय, मिळतं. वर्मा सरांची लेक्चर्सपण मिळतात, हिंदीतून, फुकट. जरूर बघा. पण फोनवरचा शिक्षक तुमच्या वहीत डोकावत नाही. बाण उलटा काढलाय हे त्याला दिसत नाही. त्यासाठी वर्गात फिरणारा माणूस लागतो, ज्याला तुमचं नाव माहीत आहे, तुम्ही परवा का आला नाहीत हे माहीत आहे. पैसेवाल्याच्या पोराला तो माणूस क्लासमध्ये विकत मिळतो. ऊसतोड कामगाराच्या पोरीला तो फक्त सरकारी अनुदानाच्या कॉलेजात मिळू शकतो. तिथली खुर्ची रिकामी म्हणजे तिच्यापुरतं दार बंद.

आणि भाषेचंही बोलू. नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळते. छान. पण मराठीतून अकरावी-बारावीचं फिजिक्स तळापासून, अशा ताकदीनं समजावणारं पुस्तक आमच्या गावातल्या एकाही दुकानात मला दिसलेलं नाही. आधी पुस्तक, मग परीक्षा, असा क्रम असतो. आपण परीक्षा मराठीत केली आणि पुस्तक विसरलो.

मग करायचं काय?

नुसती हळहळ नको. चार सरळ गोष्टी मांडतो.

एक. मंजूर जागा भरा. तासिका तत्त्व हे आजारी प्राध्यापकाच्या जागी दोन महिने माणूस लावायला ठीक. अख्खी कारकीर्द त्यावर काढायला लावणं ही फसवणूक आहे. वर्मा सरांनी आठ वर्षं एका पुस्तकाला दिली, कारण पुढच्या महिन्यात नोकरी आहे की नाही ही चिंता त्यांना नव्हती. पक्की नोकरी नसलेला माणूस आठ वर्षांचं काम हातात घेऊच शकत नाही.

दोन. पाठ्यपुस्तकाचं मोल बदला. चांगलं पुस्तक कोणतं हे तपासायला तज्ज्ञांची समिती नेमा, किती कॉलेजांत वापरलं जातं ते बघा, आणि मग त्याला त्याच्या कामाच्या मापानं गुण द्या. कुणीही चोपडं छापून गुण घेऊ नये, हेही त्यातच आलं.

तीन. पुस्तक लिहिणाऱ्या शिक्षकाला वर्षभराची पगारी रजा द्या. विद्यापीठाला हे अवघड नाही. सत्कार समारंभांवर जेवढं जातं त्यातच भागेल.

चार, आणि हे आपल्या हातात आहे. आपलं पोरगं ज्या कॉलेजात आहे तिथं जाऊन विचारा, "फिजिक्सला मंजूर जागा किती, भरलेल्या किती, प्रॅक्टिकल आठवड्याला किती होतात?" लेखी विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. मी आमच्या तालुक्यातल्या कॉलेजांना असे अर्ज टाकतोय. उत्तरं आली की इथंच टाकीन, नावासकट.

शेवटचं

काहीजण म्हणतील, वर्मा सरांसारखा माणूस शतकात एखादा. असेल. पण त्यांच्या बाबतीत जे जुळून आलं, त्यात चमत्काराचा भाग मला फार कमी दिसतो. एक पक्की नोकरी होती. समोर अडखळणारी, पण शिकायची इच्छा असलेली पोरं होती. एक स्थानिक प्रकाशक होता. आणि लिहायला मोकळा वेळ होता. एवढ्या चार गोष्टी पाटण्यात १९८०च्या दशकात मिळू शकल्या. बिहारला नावं ठेवताना आपली जीभ थकत नाही. त्याच बिहारमधल्या एका कॉलेजानं देशाला पुस्तक दिलं. आपल्या एवढ्या श्रीमंत राज्यातल्या, साखर कारखाना आणि इंजिनिअरिंग कॉलेज गावोगाव असलेल्या जिल्ह्यांनी काय दिलं? होर्डिंग.

पुढच्या निकालाला टॉपरचा फोटो छापून येईल, तेव्हा त्याचं अभिनंदन जरूर करा. पोरानं कष्ट केलेत. पण सोबत एक प्रश्न विचारा, की त्याला बारावीत फिजिक्स कॉलेजात कुणी शिकवलं? त्या शिक्षकाचं नाव काय? तो कायम आहे की तासावर?

माझ्या भागात हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा समोरचा गप्प बसतो.

तुमच्या तालुक्यातली स्थिती कमेंटमध्ये लिहा. शिक्षक मंडळींनी नाव न टाकता इनबॉक्स केलं तरी चालेल, नाव बाहेर जाणार नाही, हा शब्द. आणि घरात एचसीव्ही पडून असेल तर आज रात्री शेवटची गणितं सोडा, चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचा. पोरांनीच नाही, आई-बापानंही.

पटलं तर पुढं पाठवा. पटलं नाही तर वाद घाला, फक्त बैल वेगळा आणि गाडी वेगळी करून घाला.